वीस मिनिटांचा थांबा

राज्यात पहिली आलेली मुलगी शिफारसपत्र उघडताना कशाला घाबरेल? यशोधरा मेश्रामही घाबरली नव्हती. अमरावतीच्या आरोग्य प्रबोधिनीच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्याच तिनं लिफाफ्याची कड बोटानं फाडली. आतल्या कागदावर तिचा क्रमांक होता, खाली सही-शिक्का होता आणि मधोमध ठळक अक्षरांत एकच ओळ होती. 'शिफारस : परिचर्या.'

तिनं लिफाफ्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. नाव तिचंच होतं.

परिचर्या म्हणजे नर्सिंग. शेजारी उभ्या असलेल्या सानिका लढ्ढाला शल्यचिकित्सेची शिफारस आली होती आणि ती घरी फोन लावत होती. तिनं यशोधराच्या खांद्यावरून कागदात डोकावून पाहिलं आणि फोन खाली घेतला.

"चुकलं असेल गं," सानिका म्हणाली. "तू पहिली आहेस."

वैद्यकीय प्रवेशाची जुनी पद्धत मोडीत निघून आता सहा वर्षं झाली होती. २०४१ सालच्या लेखी परीक्षेतले पहिले दोनशे विद्यार्थी सहा आठवडे प्रबोधिनीत राहायला आले होते. पुढं डॉक्टर होणारे, नर्स होणारे, औषधं बनवणारे, लकवा झालेल्या माणसाला पुन्हा चालायला शिकवणारे, सगळ्यांची सुरुवात इथं एकत्रच व्हायची. मनगटाला नाडी-श्वास टिपणारी संवेदकपट्टी बांधून मुलं कृत्रिम आतडी शिवायची, औषधांची मात्रा काढायची, खऱ्या वॉर्डात खऱ्या रुग्णांपाशी बसायची. एक यंत्र हे सगळं मोजायचं आणि शेवटी त्या मोजणीवरून प्रत्येकाच्या हातात असं पत्र पडायचं. शिफारस बंधनकारक नव्हती, पण ती नाकारणारे फार थोडे. आणि पहिल्या आलेल्याला डॉक्टरकीशिवाय दुसरं काही सुचवल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

यशोधराच्या डोळ्यांपुढं आई आली. विशाखा मेश्राम, मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या बोरगव्हाणच्या ग्रामीण रुग्णालयात अठ्ठावीस वर्षं नर्स. सगळा तालुका तिला विशाखा सिस्टर म्हणून ओळखायचा. मुलगी तिसरीत असल्यापासून आईनं तिच्या वह्यांवर 'डॉ. यशोधरा' असं नाव घातलं होतं. हे पत्र तिला कोणत्या तोंडानं वाचून दाखवायचं?

फोन करण्याआधी ती डॉ. हेमांगी बोबडे यांच्या खोलीकडं गेली. ही सगळी मोजणी ज्या शोधावर उभी होती, तो शोध बोबडे मॅडमचा. साठीच्या, ठेंगण्या, टेबलावर सदा फुटाण्यांची वाटी. दार उघडंच होतं.

"ये. तू येणार हे माहीत होतं मला," त्या म्हणाल्या.

"माझ्या अर्जात आईचा व्यवसाय लिहिलाय, मॅडम. यंत्रानं तो वाचला का?"

"नाही. नाव, गाव, आईवडील, मुलगा की मुलगी, यातलं काहीच त्याला दिलेलं नसतं. त्याच्या लेखी तू एकशे अठ्ठावन्न नंबर आहेस."

"आणि परीक्षेचे गुण?"

"ते इथं येण्यापुरते. इथं आल्यावर सगळे सारखे."

"मग मला मोजणी दाखवा."

असं मागणारी ती पहिलीच असावी, कारण मॅडमनी तोंडात टाकायला उचललेले फुटाणे परत वाटीत ठेवले आणि पडदा तिच्याकडं वळवला. पडद्यावर दोन रेषा होत्या, एक लाल, एक निळी.

"ही निळी तुझी. लाल रेषा नऊ नंबरच्या खाटेची."

नऊ नंबरवर सुभद्राबाई खंडारे होत्या. न्यूमोनियानं अकरा दिवस श्वासयंत्रावर. यंत्र काढून पाहायचा प्रयत्न तीनदा झाला होता आणि तिन्ही वेळा त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन धापा टाकू लागल्या होत्या. यशोधराला तिथं तीन दिवस नेमलं होतं. चौथ्या प्रयत्नाला नळी निघाली. तेव्हा ती त्यांच्या पायांना तेल लावत होती.

"मी काहीच केलं नव्हतं," ती म्हणाली.

"बघ तरी." मॅडमनी रेषेवर बोट ठेवलं. सुरुवातीला लाल रेषा उधळल्यासारखी वरखाली उड्या मारत होती, निळी शांत होती. हळूहळू लाल रेषेच्या उड्या बुटक्या झाल्या. मग तिची चढण निळीच्या चढणीबरोबर आणि उतरण तिच्या उतरणीबरोबर यायला लागली.

"एका उखळात दोघी बाया कांडायला लागल्या की काय होतं? पहिली पाच-दहा मुसळं एकमेकींवर आपटतात. मग न बोलता एकीचं वर, एकीचं खाली, असा ताल लागतो. शरीरांचंही तसंच आहे. शेजारी शेजारी बसलेल्या दोन माणसांचा श्वास आणि नाडी एकमेकांना धरायला बघतात. हे जुनंच आहे, मी शोधलेलं नाही. मी एवढंच पाहिलं की काही माणसं आपला ताल सोडत नाहीत आणि आजाऱ्याचं शरीर त्यांच्या तालावर येतं. याला आम्ही अनुनाद म्हणतो. मेंदूतून निघून काळजाला आणि पोटाला जाणारी एक मोठी नस आहे, व्हेगस. ती जागी झाली की नाडी उतरते, रक्तातला दाह कमी होतो, जखम लवकर भरते. हे सगळं आम्ही रक्त काढून तपासलंय. मनाचे खेळ नाहीत हे."

"आणि असं कितीजणांकडं असतं?"

"शंभरात तीन-चार. सहा वर्षांत आम्ही मोजलेला सगळ्यात मोठा अंक तुझा आहे."

"मग मी डॉक्टर होऊनही तेच करीन की."

"ताल लागायला सरासरी सतरा मिनिटं लागतात. वीस धर. वॉर्डातला डॉक्टर एका रुग्णापाशी दिवसाला किती वेळ असतो, ठाऊक आहे? चार मिनिटं दहा सेकंद. नर्स तासभर असते, कधी जास्तच. तू चांगली डॉक्टर होशील, यशोधरा, त्यात शंका नाही. या दोनशेतले शंभर तरी होतील. पण तू खाटेपाशी बसलीस तर जेवढी माणसं लवकर घरी जातील, तेवढी तू दुसरं काहीही केलंस तरी जाणार नाहीत. यंत्रानं एवढाच हिशेब केलाय."

यशोधरानं दोन्ही रेषा पुन्हा पुन्हा पाहिल्या. कुठं चूक सापडते का ते शोधलं. सापडली नाही, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

आईनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही, रडली नाही. "बरं. उद्या येते मी," एवढंच म्हणाली. मग फोन बाबांनी घेतला. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. "यशू, तुम्ही दोघी ठरवा," ते म्हणाले. "मी दोघींच्या बाजूनं आहे."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला विशाखा सिस्टर प्रबोधिनीच्या फाटकाशी उतरली. इस्त्रीची साडी, केस घट्ट बांधलेले. मुलीशी दोन वाक्यं बोलून ती थेट बोबडे मॅडमच्या खोलीत गेली आणि बसा म्हणायच्या आधी बसली.

"मॅडम, मी भांडायला नाही आले. एक गोष्ट सांगायला आले," ती म्हणाली. "दहा वर्षं झाली. आमच्याकडं एक बाळंतीण होती, एकवीस वर्षांची. तिसरा दिवस. ताप नाही, रक्त जास्त जात नाही, सगळे आकडे ठीक. पण तिचा चेहरा मला पटत नव्हता. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आकडे काय? मी सांगितले. म्हणाले, मग कशाला घाबरता, सिस्टर? दोन तासांनी मी पुन्हा केला. तेच उत्तर. संध्याकाळी पोरगी गेली. मग चौकशी बसली. चौकशीत मला विचारलं, तिसऱ्यांदा फोन का नाही केला?"

बोबडे मॅडमनी फुटाण्यांची वाटी बाजूला सरकवली.

"माझ्या हातात सगळं होतं. पेटी होती, औषध होतं, गाडी दारात होती. हुकूम तेवढा नव्हता. तुमचं यंत्र म्हणतं माझी पोरगी खाटेपाशी बसावी. बसेल ती. तिला सगळ्यांच्या आधी कळेलही. पण कळून ती करणार काय? काहून पाठवू मी तिला तिथं?"

"याचं उत्तर माझ्याकडं नाही, विशाखाताई," बोबडे मॅडम म्हणाल्या. "मी शरीराचा अभ्यास केला. पदांचा केला नाही."

उत्तर प्रामाणिक होतं म्हणून असेल, आई थोडी सैल झाली. मॅडमनी तिला प्रबोधिनी दाखवायला नेलं. यशोधरा मागोमाग होती. पहिल्या मजल्यावरच्या दालनात मुलं ज्याच्यावर टाके घालायला शिकत, ते कृत्रिम आतडं टेबलावर मांडलेलं होतं, ओलसर आणि निसरडं, खऱ्यासारखं. आई तिथं थांबली.

"हे शिवायचं?"

"हो. टाक्याला किती ओढ पडली, हात किती थरथरला, सुई किती वेळा फिरवावी लागली, सगळं मोजलं जातं."

"द्या इकडं."

आईनं पदर खोचला, चिमटा उचलला आणि शिवायला लागली. यशोधरानं आईला घरी बटणं लावताना पाहिलं होतं, हे कधी पाहिलं नव्हतं. हात घाई करत नव्हते आणि थांबतही नव्हते. आठ टाके झाले. शेवटची गाठ मारून आईनं दोरा कापला आणि पडद्याकडं न बघताच हात पुसले.

पडद्यावरचा आकडा बोबडे मॅडमनी दोनदा वाचला. त्या वर्षीच्या दोनशे मुलांपैकी एकही त्याच्या जवळपास नव्हता. तिथं शिकवणाऱ्या तीन सर्जनांपैकी दोघं त्या आकड्याच्या खाली होते.

"हे कुठं शिकलात?"

"आमच्याकडं डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस असतात. ट्रॅक्टरखाली पाय येतात, कुऱ्हाडी लागतात, ते वार-तारीख बघून थोडंच होतं?" आई म्हणाली. मग आतड्यावरच्या टाक्यांवरून तिनं एक बोट फिरवलं. "हात पहिल्यापासूनच बरा होता माझा."

त्यांचं बोलणं तिथंच राहिलं, कारण यशोधराच्या पट्टीवर वॉर्डातून निरोप आला. नऊ नंबर बिघडली होती.

मायलेकी वॉर्डात पोचल्या तेव्हा सुभद्राबाई उशीला रेलून तोंडानं हवा ओढत होत्या. श्वास मिनिटाला अडतीस, नाडी एकशे बत्तीस, तोंडावर मास्क असूनही प्राणवायू एक्क्याण्णवावर घसरलेला. ड्यूटीवर डॉ. पराग ओतूरकर होते, पदव्युत्तर शिकणारे, हुशार, थकलेले. त्यांनी नळी घालायची ट्रॉली मागवली होती.

"हवा दोन्हीकडं जातेय, तरी पुन्हा यंत्रावर घेतोय," कानातला स्टेथोस्कोप काढत ते म्हणाले. "आणखी थकू दिलं तर छाती बसेल."

यशोधरानं पडद्यावर मागच्या अर्ध्या तासाची नोंद उघडली. तिला जे पाहायचं होतं ते तिथं होतं.

"सर, नाडी आधी चढलीय. श्वास नंतर. प्राणवायू सगळ्यात शेवटी उतरलाय. फुफ्फुसानं सुरुवात केली असती तर हे उलटं झालं असतं. त्या घाबरल्यात. मला वीस मिनिटं द्या."

"तू कोण?"

"विद्यार्थिनी."

"मग बाजूला हो. मला वाद घालायला वेळ नाही."

यशोधरा होती तिथंच उभी राहिली. आई काय सांगत होती ते तिला त्या क्षणी नेमकं कळलं. कळत होतं सगळं, आणि हुकूम दुसऱ्याचा होता.

तेवढ्यात तिच्या मागून, खाटेवरचे कागद चाळणाऱ्या आईचा आवाज आला, वॉर्डात अठ्ठावीस वर्षं वापरलेला, चढाही नाही आणि दबकाही नाही. "डॉक्टर, मी विशाखा मेश्राम, स्टाफ नर्स. सकाळचा वायूंचा रिपोर्ट चांगला आहे. छाती तुम्ही आत्ताच ऐकली, दोन्हीकडं हवा जातेय. नळी, औषध, सक्शन, सगळं मी इथं हाताशी मांडून ठेवते. प्राणवायू अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला तर मी तुम्हाला सांगणार नाही, सरळ हातात नळी देईन. तोवर पोरीला बसू द्या."

ओतूरकरांनी आईकडं पाहिलं, आईच्या हातांकडं पाहिलं. हात ट्रॉली लावायला लागलेसुद्धा होते.

"पंधरा मिनिटं," ते म्हणाले. "आणि मी इथून हलणार नाही."

यशोधरा खाटेच्या कडेला बसली. सुभद्राबाईंचा तळहात तिनं आपल्या हातात घेतला. काही समजावलं नाही. श्वास असा घ्या, तसा घ्या, असंही म्हणाली नाही. आपलाच श्वास तिनं खोल जाऊ दिला आणि सुभद्राबाईंच्या डोळ्यांना डोळे भिडवून राहिली. पाच मिनिटं काहीच झालं नाही. प्राणवायू नव्वदवर आला. आईनं नळीचं पाकीट फाडलं, तो आवाज वॉर्डभर ऐकू आला. ओतूरकर एक पाऊल पुढं आले.

"अठ्ठ्याऐंशी म्हटलंय मी," आई हळूच म्हणाली.

दहाव्या मिनिटाला श्वास चौतीस झाला. बाराव्याला तीस. पंधरावं मिनिट आलं आणि गेलं, ओतूरकर बोलले नाहीत. सोळाव्या मिनिटाला सुभद्राबाईंचे आवळलेले खांदे एकदम खाली आले, लहान मुलाचे झोपेत येतात तसे. सव्वीस. प्राणवायू त्र्याण्णव, मग चौऱ्याण्णव.

"शेजारच्या बाईला नळी घालत होते," मास्कच्या आतून सुभद्राबाई पुटपुटल्या. "मला वाटलं, आता मला."

ओतूरकरांनी कपाळावरचा घाम पुसला. दारापर्यंत गेल्यावर ते थांबले. "तुझं बरोबर निघालं," ते यशोधराला म्हणाले. "पण मी ऐकलं ते तुझ्या आईमुळं. पुढच्या वेळी ऐकीनच असं नाही, आणि माझ्याजागी दुसरा असेल तर मुळीच नाही. ते ध्यानात ठेव."

संध्याकाळी मायलेकी पाहुण्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर चहा घेऊन बसल्या. वॉर्डात जाताना आईच्याही मनगटाला पट्टी बांधली होती आणि बोबडे मॅडमनी न मागताच आकडे पाठवले होते. यशोधराचा अनुनाद त्र्याण्णव. आईचा एक्केचाळीस.

"म्हणजे चारचौघींसारखा," आई म्हणाली. कप तिनं बाकावर ठेवला. "खरं सांगू? मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण हलकं वाटतंय. रुग्णापाशी बसायचा मला कंटाळा यायचा, यशू. मी त्यांचं सगळं केलं, एक डोस कधी चुकवला नाही. पण माझं लक्ष कायम ऑपरेशनच्या खोलीकडं. कोण काय शिवतंय, कसं शिवतंय. बारावीला मला डॉक्टरच व्हायचं होतं. घरी म्हणाले, नर्सिंगला नंबर लागतोय तिथं जा. गेले."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला सांगायचं काय त्यात? तुझ्या वहीवर लिहीत होते ना. तुला काय पाहिजे ते मात्र मी कधी विचारलं नाही."

यशोधरानं चहा संपवला. "नर्स व्हायचंय की नाही, ते मला अजून माहीत नाही," ती म्हणाली. "पण आज त्या खाटेवरून मला कुणी उठवलं असतं ना आई, तर मी उठले नसते. आणि मला त्यासाठी कुणाची मेहेरबानी नको आहे. तुझीसुद्धा."

"मग नियम करून घे," आई म्हणाली. "तू पहिली आली आहेस. आज तुझं ऐकतील. एकदा सही केलीस की कुणी ऐकणार नाही."

त्या रात्री नीट झोप काढून, सकाळी डोकं ताजं असताना दोघींनी मिळून एक पान लिहिलं. आईनं तीन कलमं खोडली. "हे तर कुणीच मानणार नाही, आणि हे मानलं तर पेशंट मरेल," म्हणाली. राहिलं ते असं. अनुनादाचं प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेला रुग्णाच्या कागदावर 'थांबा' असं लिहिता येईल. तो वीस मिनिटांचा असेल. एका रुग्णासाठी एका पाळीत एकदाच. ठरलेल्या आकड्यांच्या खाली रुग्ण गेला की थांबा आपोआप रद्द. थांबा चालू असताना पुढच्या उपचाराची सगळी तयारी खाटेपाशी मांडून ठेवायची. आणि डॉक्टरला थांबा मोडायचा असेल तर त्यानं कारण लिहून, खाली स्वतःची सही करून मोडायचा. हे मान्य असेल तर यशोधरा मेश्राम परिचर्येची शिफारस स्वीकारेल.

प्रबोधिनीच्या मंडळानं तिला चौथ्या दिवशी बोलावलं. अध्यक्ष निवृत्त सर्जन होते. पान वाचून त्यांनी चष्मा काढला.

"एकोणीस वर्षांची मुलगी आम्हाला अटी घालते," ते म्हणाले. "आम्ही नाही म्हटलं तर?"

"तर मी डॉक्टर होईन, सर. चांगली होईन. मॅडम म्हणाल्या आहेत तसं," यशोधरा म्हणाली. "पण सहा वर्षांत एवढा अंक पहिल्यांदा आलाय असंही त्या म्हणाल्या. आणि तो अंक वॉर्डात उभा राहून 'बाजूला हो' ऐकून घेणार असेल, तर तो मोजलात कशाला?"

कुणी हसलं नाही. एका सभासदानं विचारलं की वीस मिनिटांच्या उशिरानं कुणी दगावलं तर जबाबदार कोण? तिनं कागदावरच्या आकड्यांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की थांबा लिहिणाऱ्याचंही नाव कागदावर असेल, ते तिला पाहिजेच आहे. मग अध्यक्षांनी डॉ. ओतूरकरांना बोलावलं. त्यांनी सरळ सांगितलं, "त्या दिवशी नळी घालणं चुकीचं नव्हतं. पण गरजेचंही नव्हतं. लिहून कारण द्यावं लागलं असतं तर मी नोंद एकदा नीट पाहिली असती. मला हा नियम आवडत नाही. पण तो असावा."

मंडळानं दोन वॉर्डांत, दोन वर्षांसाठी, प्रयोग म्हणून मंजुरी दिली. यशोधरानं तिथंच सही केली.

गावात बातमी गेली तेव्हा लोकांनी आईला विचारायचं सोडलं नाही. पहिली आलेली पोरगी आणि नर्स? आई म्हणायची, "हाव. नर्स. आणि डॉक्टरला थांबवणारी." पुढं ती फार बोलायची नाही, कारण तिचंही एक काम चालू होतं. नोकरीत असलेल्या परिचारिकांसाठी प्रबोधिनीत शल्यसहायकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. त्याला पन्नाशीची अट होती आणि ती एक्कावन्नची होती. तिचा अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा तिनं अर्जाला टाक्यांच्या मोजणीचा कागद जोडला. तो पाहून अध्यक्षांनी वयाच्या रकान्यावर स्वतःच्या हातानं रेघ मारली.

प्रयोगाच्या पहिल्या वर्षात, यशोधरा शिकत असतानाच, आधीच्या तुकड्यांतल्या परिचारिकांनी सव्वाशे थांबे लिहिले. एकोणीस मोडले गेले, त्यातले बरेचसे मोडणं योग्यच होतं. सात वेळा थांबा लिहिणाऱ्याचा अंदाज चुकला, पण तयारी हाताशी होती म्हणून कुणी दगावलं नाही. दुसऱ्या वर्षाअखेर नियम दोन वॉर्डांतून अकरांत गेला.

पुढं शिक्षण पुरं करून यशोधरा चार नंबरच्या वॉर्डात रुजू झाली, त्यालाही वर्ष झालं होतं. एका दुपारी तिथं पुंडलिकराव धांडे नावाचे गृहस्थ आले. आतड्याला पीळ पडलेला, शस्त्रक्रिया आजच करायला हवी. पण माणूस इतका धसकलेला की नाडी एकशे चाळीस, रक्तदाब दोनशेच्या वर. असं असताना भूल देण्यात धोका, आणि उद्यावर ढकलण्यात त्याहून मोठा. शस्त्रक्रियागृहातून खाट न्यायला माणसं आली. यशोधरानं कागद ओढला, 'थांबा' लिहिलं, वेळ घातली, सही केली आणि भूलतज्ज्ञांना निरोप धाडला.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"वॉर्ड चार," ती म्हणाली.

"थांबा तू लिहिलास?" पलीकडून आई.

"हो."

"इथं सगळे हातमोजे घालून उभे आहेत. आतडं काळं पडायला लागलं तर मला अर्ध्या फुटाच्या जागी दोन फूट कापून शिवावं लागेल."

"वीस मिनिटं, आई."

"ड्यूटीवर आई म्हणू नको. वीसच. एकविसाव्याला मी स्वतः येऊन खाट ओढत नेईन."

फोन ठेवून यशोधरा पुंडलिकरावांपाशी बसली. त्यांचा हात तिनं आपल्या हातात घेतला. त्यांनी विचारलं, "वाचतो का मी?" ती म्हणाली, "शिवणारा हात चांगला आहे. मी पाहिलाय." मग तिनं आपला श्वास खोल जाऊ दिला. भिंतीवरच्या घड्याळाकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. अठराव्या मिनिटाला नाडी अठ्ठ्याण्णव आणि दाब एकशे पन्नासवर आला. तिनं कागदावर आकडे लिहिले, थांबा उठवला आणि खाटेबरोबर चालत शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत गेली. पुंडलिकरावांनी तिचा हात सोडला नव्हता.

दारात हिरव्या कपड्यांत शल्यसहायक विशाखा मेश्राम उभी होती. मास्कच्या वर फक्त डोळे. तिनं कागद मुलीच्याच हातात राहू दिला, मान पुढं करून आकडे वाचले, रुग्णाच्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि पुन्हा एकदा आकडे वाचले.

"छान," ती म्हणाली. "आता सोड. इथून पुढं माझ्याकडं."

यशोधरानं हात सोडवून घेतला. दार लागलं. ती वॉर्डात परतली, हात धुतले. सात नंबरच्या खाटेवरची बाई जागी होऊन कुणी आहे का ते बघत होती. यशोधरा स्टूल ओढून तिच्याजवळ बसली.